पकडण्यासाठी लिहिलेला कागद : जुन्नर-आंबेगावचे वसाहतकालीन अभिलेख आणि वाचकाचे उत्तरदायित्व

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमालेतील अठरावा खंड पुणे जिल्ह्याचा. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखाली तो १८८५ मध्ये तीन भागांत प्रसिद्ध झाला. तो ज्यांच्यासाठी छापला गेला त्यांत जांभोरीचा किंवा आहुप्याचा कोणी रहिवासी असण्याचा प्रश्नच नव्हता. ग्रंथ इलाख्याच्या कारभाऱ्यांसाठी होता. पुढे शंभर वर्षे तो निवडक ग्रंथालयांच्या कपाटांत राहिला आणि ज्याला पुण्यामुंबईचे भाडे व ग्रंथपालाची ओळख या दोन्ही गोष्टी परवडत होत्या त्यालाच तो पाहता आला. आज त्या ग्रंथाची पाने संगणकाच्या पडद्यावर कोणालाही उघडता येतात, आणि एखादे नाव टाइप केले की ते ज्या ज्या पानावर आले असेल ती पाने क्षणात समोर येतात. घोडेगावात बसलेला विद्यार्थी आणि लंडनमध्ये बसलेला प्राध्यापक यांच्यात या ग्रंथापुरते अंतर उरलेले नाही. या घटनेचे स्वागत बहुतेक सर्वांनी केले आहे आणि ते योग्यच आहे. मात्र या स्वागताच्या घाईत एक प्रश्न मागे पडला. एखाद्या माणसाला पकडण्यासाठी जो कागद लिहिला गेला, तो सर्वांसाठी खुला झाल्याने त्या माणसाचे नेमके काय होते? त्याला न्याय मिळतो, की त्याचा पाठलाग करणाऱ्यांची संख्या तेवढी वाढते?

प्रश्न अमूर्त राहू नये म्हणून एकच उदाहरण घ्यावे. १८७३ च्या सुमारास आंबेगाव भागातील जांभोरीचा महादेव कोळी होन्या भागोजी केंगले याने माणसे जमवून सावकारांवर हल्ले सुरू केले. गॅझेटिअरमध्ये हा वृत्तान्त थोडक्यात आला आहे. सावकारांच्या लबाडीचा आणि क्रौर्याचा त्यात उल्लेख आहे. सावकारांची नाके कापली गेल्याचाही आहे. होन्याला धरण्यासाठी सशस्त्र तुकडी पाठवली गेली, हजार रुपयांचे बक्षीस लावले गेले आणि अखेर १८७६ मध्ये मेजर डॅनिएल या पोलीस अधिकाऱ्याने त्याला पकडले. मध्यंतरी मे १८७५ मध्ये भीमथडीतील सुपे येथे कुणब्यांचा उठाव झाला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला आलेला भाव आणि युद्ध संपताच कोसळलेला तोच भाव, ही या उठावामागच्या कारणांपैकी एक कडी होती. पुढे चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. व्हर्जिनियातील लढाई आणि जांभोरीच्या माणसाच्या हातातील कोयता एकाच जागतिक इतिहासाच्या पटावर आणून ठेवण्याची सोय या खुल्या झालेल्या साधनांनी खरोखरच केली आहे.

मात्र या वृत्तान्तात होन्या बोलत नाही. तो हल्ले करतो, निसटतो, पकडला जातो. क्रियापदे त्याच्याकडे आहेत, वाक्य त्याच्याकडे नाही. रणजित गुहा यांनी १९८३ मध्ये बंडाच्या बंदोबस्तासाठी लिहिल्या जाणाऱ्या गद्याची जी मीमांसा केली, तिची येथे आठवण होणे अपरिहार्य आहे. घटनेच्या धामधुमीत अधिकाऱ्याने वरिष्ठाला धाडलेला तातडीचा कागद, मग निवांतपणी रचलेला सरकारी ग्रंथ, आणि मग इतिहासकाराचे लेखन, असे तीन थर गुहा दाखवतात आणि पहिल्या थरातील दृष्टी तिसऱ्यापर्यंत कशी झिरपते हे उलगडून सांगतात. या विवेचनाच्या उजेडात एक साधी गोष्ट लक्षात येते. संगणकीय संग्रहांच्या सूचींमध्ये गॅझेटिअर सर्रास ‘प्राथमिक साधन’ म्हणून नोंदलेले असते. प्रत्यक्षात ते दुसऱ्या थरातील आहे. जिल्ह्यातील अधिकाऱ्यांच्या टिपणांवरून ते बेतलेले आहे आणि त्या टिपणांतील घाई, भीती, चिडचिड सर्व गाळून त्याला शांत, तटस्थ सूर दिलेला आहे. कच्चा माल म्हणून जे हाती येते ते आधीच शिजलेले असते.

हे शिजवणारे हात कोणाचे, तेही पाहण्यासारखे आहे. होन्याच्या पाठलागाच्या संदर्भात डब्ल्यू. एफ. सिंक्लेअर या मुलकी अधिकाऱ्याचे नाव येते. याच सिंक्लेअरने ‘इंडियन अँटिक्वेरी’ या संशोधनपत्रिकेत जुन्नर तालुक्याविषयी टिपणे लिहिली. एका हाताने लेण्यांची नोंद आणि दुसऱ्या हाताने माणसाचा शोध! यात ढोंग शोधण्याचे कारण नाही. त्या काळच्या अधिकाऱ्याला ही दोन्ही कामे एकाच कर्तव्याची अंगे वाटत असावीत. डोंगर माहीत करून घेणे म्हणजे डोंगर ताब्यात घेणे. त्यामुळे नाणेघाटाविषयी किंवा मानमोडीच्या लेण्यांविषयी वाचताना ज्ञान आणि होन्याविषयी वाचताना सत्ता, अशी सोयीस्कर वाटणी अभ्यासकाला करता येत नाही. एकाच दप्तरातून दोन्ही निघाले आहेत.

यावर एक सबळ आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आक्षेप असा, की कागद बंद होता तेव्हा तो कमी सत्ताधारी होता काय? उलट, बंद कपाट हीच सत्तेची खरी जागा होती. जॅक देरिदा यांनी अभिलेखागार या शब्दाच्या ग्रीक मुळाशी जाऊन तेथे शासकाचे घर आहे हे दाखवले, ते याच अर्थाने. मराठीत तर या गोष्टीसाठी ग्रीकापर्यंत जाण्याचीही गरज नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, त्यामागे कागद परक्यांच्या अथवा वारसदारांच्या कुलपांतून सोडवण्याची तळमळच होती. पेशवे दप्तर पुण्यातच होते, पण पुणेकरांना त्याचे दार दीर्घकाळ बंद होते. इनाम कमिशनच्या काळात त्याचा उपयोग कोणाचे इनाम खरे आणि कोणाचे खोटे हे तपासण्यासाठी झाला. म्हणजे महसूल वाढवण्याच्या दृष्टीनेच ते चाळले गेले. गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंडांत त्यातील निवडक कागद बाहेर आले तेव्हा तो सार्वजनिक आनंदाचा विषय ठरला. मग त्याच परंपरेतले पुढचे पाऊल आज पडत असेल, तर त्याविषयी कुरकुर कशासाठी?

आक्षेप मान्य केला तरी खुलेपणा सारखा वाटला जात नाही ही अडचण उरते. पेशवे दप्तराचे हजारो रुमाल मोडीत आहेत. हाताने लिहिलेल्या मोडीचे छायाचित्र काढता येते. पण छापील इंग्रजी पानातून यंत्र जसे शब्द हुडकून काढते तसे मोडीतून काढणे अजून त्याच्या आवाक्यात फारसे आलेले नाही. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळेतून गेल्यामुळे ते वाचू शकणारी माणसेही मोजकीच. परिणामी जुन्नर प्रांताच्या एखाद्या महालाचा मोडी हिशेब आणि त्याच महालाविषयी कलेक्टराने लिहिलेला इंग्रजी परिच्छेद, हे दोन्ही ‘उपलब्ध’ या एकाच शब्दाखाली मोडत असले तरी पहिला मिळण्यास महिने लागतात आणि दुसरा मिळण्यास निमिष. नवा अभ्यासक स्वाभाविकपणे दुसऱ्याकडे वळतो. राज्यकर्त्याची भाषा छापील होती, म्हणून ती शोधता येते. शोधता येते म्हणून उद्धृत होते. उद्धृत होते म्हणून तीच खरी वाटू लागते. वसाहतीच्या अभिलेखाचे वजन वसाहत गेल्यावर पाऊणशे वर्षांनी अशा रीतीने वाढते आहे, आणि त्यात कोणाचाही दुष्ट हेतू नाही.

शोधण्याची क्रियादेखील दिसते तितकी निरागस नाही. सतराव्या शतकाच्या सत्तरीत कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर जुन्नरास येऊन गेला. त्याच्या १६९८ च्या ग्रंथात हे गाव ‘जेनेआ’ म्हणून आहे. पुढच्या इंग्रजांनी जुन्नरचे वर्णलेखन आपापल्या कानाप्रमाणे निरनिराळे केले. होन्याचा ‘होनिया’ होतो, केंगल्यांचे ‘केंगलिया’. जे नाव त्या कुटुंबात उच्चारले जाते ते शोधले तर काही सापडत नाही. साहेबाच्या कानाला ऐकू आलेले नाव शोधले तरच माणूस हाती लागतो. आंबेगावची गोष्ट याहून चमत्कारिक. १८८५ च्या ग्रंथात आंबेगाव स्वतंत्र तालुका म्हणून भेटत नाही. तो खेडचा पोटविभाग, त्यामुळे शोधणाऱ्याला आधी खेडमध्ये जावे लागते. पुढे तालुका झाला, कचेरी घोडेगावात राहिली, आणि ज्या गावाच्या नावाने तालुका ओळखला जातो ते मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. गाव पाण्याखाली आणि नाव कागदावर. ज्याला शब्द शोधण्यापलीकडे प्रदेश ठाऊक नाही, त्याला या तिन्ही आंबेगावांतला फरक कोणतेही यंत्र सांगणार नाही.

आतापर्यंतच्या विवेचनात एक गृहीत लपलेले आहे : एकीकडे साहेबाचा कागद आणि दुसरीकडे लोकांची स्मृती, आणि या दोहोंमध्ये स्वच्छ सीमारेषा. जुन्नरचेच एक उदाहरण हे गृहीत मोडून काढते. मोगल अमलात महादेव कोळ्यांनी खेमी अथवा खेणी नाईकाच्या पुढाकाराने बंड केले, ते मोडले गेले, कैद्यांना जुन्नरास आणून त्यांचा शिरच्छेद झाला, आणि मुंडक्यांच्या राशीवर चौथरा उभारला गेला. तोच काळा चौथरा. ही हकीकत कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश याने १८३०-४० च्या दशकात महादेव कोळ्यांविषयीच्या आपल्या वृत्तान्तात नोंदवली. मॅकिंटॉश स्वतः कोळ्यांच्या बंडाचा बीमोड करण्याच्या कामगिरीवर होता, आणि ही हकीकत ऐकायला तो कोळ्यांकडेच गेला असला पाहिजे. त्याच्याकडून ती गॅझेटिअरात आली. आज शिवनेरीवरील महादेव कोळी चौथऱ्यापाशी जे लोक श्रद्धेने जमतात, त्यांच्यापैकी शिकलेला तरुण त्या घटनेचा पुरावा म्हणून गॅझेटिअरकडेच बोट दाखवतो.

म्हणजे आजोबांनी सांगितलेले खरे ठरण्यासाठी ते आधी साहेबाच्या वहीत जाऊन परत यावे लागले. येथे लोकस्मृतीने कागदाला जन्म दिला आणि कागदाने पुढे लोकस्मृतीला प्रमाणपत्र दिले. ही देवघेव अपमानास्पद मानावी की चतुर? दोन्ही मते मांडता येतील. ज्या टोळीला जेरबंद करायचे तिच्याच दुःखाची कथा मॅकिंटॉशने टिपून ठेवली नसती, तर तिचा कोणता तपशील टिकला असता हे आज कोणी सांगू शकत नाही. दुसऱ्या बाजूने, सांगणाऱ्याने ती कोणत्या प्रसंगी सांगितली, शस्त्रधारी अधिकाऱ्यासमोर काय गाळले, मोगलांच्या जुलमाची गोष्ट सांगताना समोरच्या कंपनी सरकारला काही सुचवायचे होते का, हे सारे त्या लेखनात विरघळून गेले आहे. कार्लो गिन्झबुर्ग यांनी चर्चच्या चौकशी अधिकाऱ्याला मानववंशशास्त्रज्ञाच्या शेजारी बसवले ते याच कारणाने : दोघेही प्रश्न विचारतात, दोघेही लिहून घेतात, आणि उत्तर देणाऱ्याला उठून जाण्याची मोकळीक दोघांपुढे सारखी नसते.

होन्याकडे परत यावे. अलीकडच्या काळात त्याची प्रतिमा पालटली आहे. दरोडेखोर गेला आणि आद्य क्रांतिकारक आला. १८४८ मध्ये ठाण्यास फाशी गेलेल्या राघोजी भांगऱ्याच्या बाबतीतही हेच झाले. हा पालट ऐतिहासिकदृष्ट्या समर्थनीय आहे आणि तो घडवून आणण्यात खुद्द आदिवासी समाजातून आलेल्या अभ्यासकांचा, विशेषतः डॉ. गोविंद गारे यांचा, वाटा मोठा आहे. तरी एक शंका घ्यावीशी वाटते. ज्या मजकुराने होन्याला खल ठरवले तोच मजकूर, केवळ चिन्ह बदलून, त्याला वीर ठरवण्यासाठी वापरला जातो. बक्षिसाची रक्कम पूर्वी त्याच्या धोकादायकपणाचे माप होते, आता ती त्याच्या थोरवीचे माप आहे. माप सरकारनेच ठरवलेले! माणूस मात्र दोन्ही वेळा तितकाच दूर. आणि ज्याचे नाक कापले गेले तो? त्याला खलपात्र ठरवून विषय संपत नाही. सावकारी पिळवणूक ही एका व्यवस्थेची क्रिया होती; त्या व्यवस्थेत राणीच्या न्यायालयाचा हुकूमनामा आणि महसुलाचा हप्ता सावकाराइतकेच सहभागी होते. डेव्हिड हार्डिमन यांनी सावकारीवरील आपल्या अभ्यासात (१९९६) ही साखळी दाखवली आहे. नाक मात्र व्यवस्थेचे कापले गेले नाही, एका माणसाचे कापले गेले, आणि गॅझेटिअरच्या त्या ओळींत तो केवळ समूहाच्या नावाने उरला आहे. अभिलेखाने जसे होन्याचे बोलणे ठेवले नाही तसे त्याचेही ठेवले नाही. त्याच्या वेदनेचा उपयोग सरकारने बंदोबस्ताच्या समर्थनासाठी केला आणि नंतरच्या लेखकांनी प्रतिकाराच्या वर्णनासाठी. कोणी ती केवळ वेदना म्हणून वाचली असेल, तर त्याची खूण आढळत नाही.

मृताची संमती घेता येत नाही, हे खरे. पण अभिलेखातील माणसाविषयीचे उत्तरदायित्व संमतीच्या भाषेत मांडणे येथे अपुरे पडते, कारण प्रश्न खाजगीपणाचा नाही. होन्याला लपून राहायचे होते ते लज्जेमुळे नव्हे, जीव वाचवण्यासाठी. आणि तो धोका त्याच्यासोबत संपला. उरतो तो कागदाच्या हेतूचा प्रश्न. हा कागद कशासाठी लिहिला गेला, हे वाचताना विसरायचे नाही, एवढी मर्यादित अपेक्षा सुरुवातीस पुरेशी वाटते. परंतु संगणकीय शोधाची रीतच हे विसरायला लावणारी आहे. पूर्वी पोलिसांच्या दप्तरातील फाइल मागवताना निदान ती पोलिसांच्या दप्तरातून येते आहे हे हाताला कळे. आधीचे आणि नंतरचे कागद नकळत डोळ्यांखालून जात. आता शब्दाभोवतीच्या दोन ओळी सुट्या होऊन येतात. लारा पुटनम यांनी २०१६ मध्ये नेमका हाच इशारा दिला होता : जग जोडले जाते, पण ज्या भूमीतून कागद उगवला ती भूमी नजरेआड होते.

येथवरची चर्चा विद्यापीठाच्या खोलीत समाधानाने संपवता आली असती. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात ती तशी संपत नाही, कारण तेथे हेच कागद वादाचा पुरावा आहेत. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला आणि त्याखालील २००८ च्या नियमांतील तेराव्या नियमात कोणता पुरावा ग्राह्य धरावा याची जी जंत्री आहे, तिच्यात गॅझेटिअर, जनगणना, भूमापन आणि जमाबंदीचे अहवाल, नकाशे यांचा स्पष्ट निर्देश आहे. भीमाशंकरच्या परिसरात १९८५ मध्ये अभयारण्य झाले. तेथील वाड्यावस्त्यांना आपण येथे पिढ्यान्‌पिढ्या आहोत, येथला हिरडा आपण गोळा करतो, हे सिद्ध करण्यासाठी साहेबाने लिहिलेले पान उपयोगी पडू शकते. जातपडताळणीतही जुन्या नोंदीला नव्या नोंदीहून अधिक वजन असते. अशा माणसासमोर जाऊन ‘अभिलेख म्हणजे सत्तेची रचना, त्यात वास्तव नसते’ असे सांगणारा समीक्षक नेमका कोणाची बाजू घेतो? अभिलेखाची विश्वासार्हता मोडीत काढण्याची चैन त्यालाच परवडते ज्याला त्या अभिलेखावर काही मागायचे नाही. सिद्धान्ताच्या या अंगाविषयी मराठी समीक्षेत पुरेसे बोलले गेलेले नाही.

यातून मार्ग काढताना मार्क ब्लॉक यांच्या एका जुन्या भेदाचा आधार घेण्याचा मोह होतो. कागद जे मुद्दाम सांगतो आणि जे त्याच्या तोंडून सहज निसटते, यांत ब्लॉक फरक करतात आणि दुसऱ्यावर अधिक भरवसा ठेवतात. त्या न्यायाने गॅझेटिअरची विशेषणे टाकावीत आणि नामे ठेवावीत : ‘उपद्रवी’ हा शेरा सरकारचा, पण अमुक घाटमाथ्यावर अमुक लोक राहतात ही नोंद सहज आलेली, म्हणून विश्वसनीय. दावेदारालाही एवढेच हवे असते. मार्ग आकर्षक आहे, पण जातपडताळणीपाशी तोही अडखळतो. गावच्या शाळेच्या दाखल्यात एखाद्या मास्तराने ‘महादेव कोळी’ऐवजी नुसते ‘कोळी’ लिहिले असेल, तर ते विशेषण नसते, नामच असते. घाईत, सहज, कोणत्याही हेतूविना लिहिलेले. त्या सहज निसटलेल्या नामावर नातवाचा प्रवेश किंवा नोकरी अडते. आणि उलट बाजूने, जो समाज खरोखर वेगळा आहे त्याने याच जुन्या ‘कोळी’ शब्दाच्या आधारे सवलत मागितली, तर डोंगरातल्या माणसाचा हक्क आकुंचित होतो ही तक्रारही पोकळ नाही. तेव्हा नाम निर्दोष आणि विशेषण दोषी, हा निवाडा टिकत नाही. कोणत्या प्रश्नासाठी कागद साक्षीला बोलावला आहे त्यावर त्याची पत ठरते. प्रत्येक वेळी नव्याने ठरते. हे काम शोधयंत्राला सोपवता येणार नाही, आणि सिद्धान्तालाही नाही.

त्या तेराव्या नियमाच्या जंत्रीत आणखी एक पुरावा आहे. दावेदार सोडून गावातील अन्य वडीलधाऱ्या माणसांचे निवेदन, लेखी उतरवून घेतलेले. गॅझेटिअर आणि म्हातारीचे बोलणे कायद्याने एकाच यादीत ठेवले आहे. व्यवहारात कार्यालयातील टेबलावर यांपैकी कोणता कागद वर राहतो आणि कोणता खाली जातो, हे दावा घेऊन गेलेल्यांना विचारावे. मॅकिंटॉशसमोर बसून काळ्या चौथऱ्याची हकीकत सांगणाऱ्या अनाम कोळ्यापासून, ग्रामसभेत हिरड्याच्या झाडांचे मालक नावानिशी सांगणाऱ्या वृद्धेपर्यंत, सांगणे चालू आहे. लिहून घेणारा बदलला आहे. लिहून घेतल्यावर ते वाचून दाखवण्याची आणि ‘असेच म्हणालात ना?’ असे विचारण्याची पद्धत मात्र आजही सर्वत्र पाळली जाते असे म्हणता येत नाही.